एकच मुक्काम

"आबा, बघा ना. आईला जोडलं की बाबा सुटतोय."

शालूनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी ओट्यावर भिंतीला पाठ टेकून गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. कपाळावरचा चष्मा खाली घेतला. पडद्यावर तीन माणसं उभी होती, खेळण्यातल्या ठोकळ्यांची. डोकी पिवळी, छाती चौकोनी, हात आकड्यासारखे. एक निळा बाप्या, एक हिरवी बाई आणि दोघांच्या मधे त्यांच्या कमरेएवढी लाल पोरगी.

"परत कर बघू," मी म्हणालो. "सावकाश. काय होतंय ते मला दिसू दे."

तिनं लाल पोरीवर टिचकी मारली, मग हिरव्या बाईवर, आणि मग दोन बोटांनी दोन कळा एकदम दाबल्या. बाईला उजवीकडे सरकवलं, तशी पोरगी तिच्याबरोबर निघाली. निळा बाप्या होता तिथंच राहिला.

"आता बाबाला जोडते." पोरीवर टिचकी, बाप्यावर टिचकी, पुन्हा दोन कळा. बाप्या डावीकडे निघाला, पोरगी त्याच्यामागे. आता हिरवी बाई एकटी.

"दोघांना एकदम जोडताच येत नाही. शेवटी ज्याला जोडलं तोच पेरेंट. आधीचा आपोआप सुटतो."

"पेरेंट?"

"असंच नाव आहे हो त्याचं. ज्याला जोडायचं तो पेरेंट. जो जोडला जातो तो चाइल्ड. पेरेंट हलला की चाइल्ड हलतो."

"आणि पेरेंट एकच?"

"एकच," शालू म्हणाली, आणि लॅपटॉप पुन्हा स्वतःकडे वळवून घेतला.

मी तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. बराच वेळ लावत राहिलो.

त्या वेळी ती दहा वर्षांची होती. मे महिना होता. येत्या सोमवारी पुण्याला, कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशक बाई तिला एका खोलीत एकटीला बसवून विचारणार होत्या, की बाळ, तुला कुणाजवळ राहायचंय. तोवर ती आईजवळही नको आणि बापाजवळही नको, असं दोन्ही वकिलांचं ठरलं, म्हणून ती भिगवणला माझ्याजवळ आली होती. विक्रांत माझा मुलगा, नोकरीला सोलापूरला. रेणुका माझी सून, ती पुण्याला. भिगवण दोघांच्या मधे पडतं. मीही तसाच मधे पडलो होतो.

वर्षाच्या वर झालं होतं, दर दुसऱ्या शनिवारी मी पहाटेची एसटी धरून पुण्याला जायचो, रेणुकाच्या दारातून पोरीला घ्यायचो, तिला घेऊन सोलापूर गाठायचो आणि रविवारी हाच सगळा प्रवास उलटा करायचो. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते. माझ्या तोंडाचं मात्र दोघांनाही काही वाटत नसे. रेणुका म्हणायची, "अण्णा, त्याला सांगा, तिला रात्री आइस्क्रीम देऊ नकोस." विक्रांत म्हणायचा, "अण्णा, तिला सांगा, पोरीच्या डोक्यात भरवू नकोस." इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे पोचवताना मी त्यातले काटे काढून टाकायचो. त्यानंच माणूस जास्त दमतो. गुडघे नंतर दुखायला लागले.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, पहिली ते चौथी. मुलांना शिकवण्याएवढं सुख मला दुसऱ्या कशात वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. शालू आल्यावर मी ठरवलं, की या आठवड्यात आपण हिला काही विचारायचं नाही. फक्त काहीतरी शिकायचं. काय शिकायचं ते तिनंच आणलं होतं. बापानं वाढदिवसाला दिलेला ठोकळ्यांचा मोठा डबा, आणि आईनं ऑफिसातून बाद झालेला म्हणून आणून दिलेला लॅपटॉप. बापाच्या घरी लॅपटॉप उघडला की त्याच्या कपाळाला आठी पडायची, आईच्या घरी डबा माळ्यावर जायचा. माझ्या ओट्यावर दोन्ही एकदम उघडले, ते पहिल्यांदाच.

शाळेच्या सुट्टीतल्या वर्गात तिला कुणीतरी एकच तास शिकवलं होतं. खरे ठोकळे जोडून आधी घर करायचं, मग तेच घर एकेक ठोकळा करून कॉम्प्युटरमध्ये रचायचं, आणि मग त्यातली माणसं चालवायची. पुढचं सगळं एका व्हिडिओत होतं. त्यात एक गोरा मनुष्य इतक्या भराभर इंग्रजी बोलायचा, की मला वाटे त्याची एसटी चुकणार आहे.

"थांबव," मी म्हणायचो.

"आबा, तुम्ही प्रत्येक वाक्याला थांबवता!"

"मी असाच शिकलो, असंच शिकवलं. थांबव."

ठोकळ्यांवर जे उंचवटे असतात त्यांना आम्ही बटणं म्हणू लागलो. ती डब्यातून शोधायची आणि मी मागणी नोंदवायचो. "चार बटणांचा लाल दे. आता आठाचा पांढरा, चपटा." दोन घरं झाली, एक पुण्याचं, एक सोलापूरचं. मधे राखी पट्टीचा रस्ता. मग तेच सगळं पडद्यावर. माझा हात माउसवर थरथरायचा, त्यामुळे मी बसवलेल्या भिंती वाकड्या आल्या. शालूनं त्या तशाच ठेवल्या. "हे भिगवणच्या गवंड्यानं बांधलंय," म्हणाली.

चालवण्याची गंमत कळायला आम्हाला पूर्ण एक सकाळ लागली. गोरा मनुष्य सारखं 'की-फ्रेम, की-फ्रेम' करत होता. शालूला ते पाठ झालं होतं, पण समजलं नव्हतं. मी तो भाग तिला पुन्हा पुन्हा लावायला सांगितला आणि मग म्हणालो, "अगं, हा मुक्काम म्हणतोय."

"मुक्काम?"

"आपण कॉम्प्युटरला फक्त मुक्काम सांगायचे. आधी बाहुली इथं होती, मग तिथं होती. मधला प्रवास तो आपला आपण काढतो."

"आपण काढायचा नाही?"

"नाही. दोन मुक्काम दिले की झालं."

"आणि एकच दिला तर?"

"मग कुठं जाणार? बसेल तिथंच."

तिनं लाल पोरीला पहिला मुक्काम पुण्याच्या घरात दिला, दुसरा सोलापूरच्या घरात, आणि चालू केलं. पोरगी पाय न हलवता, साबणावरून घसरल्यासारखी निघाली ती सरळ भिंतीतून आरपार. दार बाजूलाच होतं. तिला दाराशी काही देणंघेणं नव्हतं. रस्त्यावरही ती आली नाही. दुसऱ्या घराच्याही भिंतीतून घुसून आत जाऊन उभी राहिली.

शालू हसून हसून लोळली. मीही हसलो.

"याला रस्ता कळत नाही, आबा!"

"मधे अजून मुक्काम द्यायला पाहिजेत. दारात एक, पायरीवर एक, स्टँडवर एक."

"एवढे?"

"मग? माणूस काय असा भिंतीतून जातो?"

तिनं सगळे मुक्काम दिले. स्टँडवर दिला, भिगवणला दिला. आता पोरगी वेडीवाकडी पण रस्त्यानं जाऊ लागली. शालू म्हणाली, "बापरे, किती वेळ लागतो." मी गुडघ्यावरून हात फिरवला.

संध्याकाळी शेजारच्या जनाकाकू पातेलं घेऊन ओट्यावर टेकल्या. धरणाचं पाणी मागं हटल्यामुळे तळ्याकडून चिखलाचा आणि मासळीचा वास येत होता. काकूंनी शालूला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय गं पोरी, तुला आई ग्वाड का बाप?"

"जनाबाई," मी म्हणालो.

"इचारलं तर काय झालं, गुरुजी? कोर्टात इचारणारच हायेत की."

शालूनं ठोकळ्यातून मान वर केली. "काकू, तुम्हाला कोण गोड?"

"मला?" काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मला माझी म्हस ग्वाड. दूध तरी देती. आमचं येडं म्हातारं तर नुसतं च्या मागतंय."

शालू खळखळून हसली. काकू खूष होऊन पातेलं तिथंच विसरून गेल्या. पोरगी पुन्हा ठोकळ्यांवर वाकली, पण मग किती तरी वेळ ती एकच ठोकळा बसवत आणि काढत होती.

जोडाजोडीचा तो पेरेंटचा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. तिला लाल पोरीचा हात मोठ्यांच्या हातात द्यायचा होता, म्हणजे मोठं माणूस चाललं की पोरगी बरोबर चालेल, वेगळे मुक्काम द्यायला नकोत. दोघांचे दोन हात धरायचे होते. ते काही जमेना. मी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. गोऱ्या मनुष्यानं स्पष्टच सांगितलं, एका वस्तूला एकच पेरेंट. त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं. लगेच तो दिव्याच्या प्रकाशाबद्दल बोलायला लागला.

"मग हिला सोडवू या," मी म्हणालो. "आधी कुणालाच नको. मग विचार करू."

'सोडवा'ची कळ सापडली. शालूनं ती दाबली आणि लाल पोरगी पडद्यावरून नाहीशी झाली.

"आबा! मी कुठं गेले?"

'ती' नाही म्हणाली. 'मी' म्हणाली.

"घाबरू नकोस. असेल इथंच."

आम्ही घरात शोधलं, घरांच्या मागं शोधलं. चित्र लहान लहान करत गेलो, तेव्हा लांब एका कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. रस्ता नाही, घर नाही, जमीनसुद्धा नाही अशा जागी ती उभी होती. जोडलेल्या वस्तूला सोडवलं की ती जिथं प्रथम तयार झाली तिथं जाऊन पडते, हे आम्हाला नंतर कळलं. शालूनं तिला बोटभर बोटभर सरकवत रस्त्यावर आणलं. मग घाईघाईनं आईला जोडायला गेली, तर काही भलतंच झालं. पोरीला हलवलं की बाईच तिच्यामागून हवेत तरंगत येऊ लागली.

"हे काय?"

"उलटं झालं," मी म्हणालो. "तू आधी बाईवर टिचकी मारलीस, मग पोरीवर. नंतर जिच्यावर मारली ती पेरेंट झाली. पोरगी पेरेंट, आई चाइल्ड."

"ई! आई माझ्या कडेवर!" तिनं पोरीला गोल फिरवलं. बाई पाळण्यातल्यासारखी गरगर फिरली, घराच्या भिंतीतून गेली, बाहेर आली. शालूनं ते पुन्हा पुन्हा केलं.

"पुरे आता. सरळ कर."

"करते," ती म्हणाली आणि आणखी एकदा फिरवलं.

त्याच दुपारी विक्रांतचा फोन आला. शालू आत पंख्याखाली झोपली आहे अशा समजुतीनं मी ओट्यावरच बोललो.

"अण्णा, बोललात का तिच्याशी?"

"रोज बोलतो. ठोकळ्यांचं घर चाललंय आमचं."

"ते नाही हो. सोमवारचं. आयुष्यभर पोरं शिकवली तुम्ही. दोन वाक्यं शिकवा तिला. तुमचं ती ऐकेल. आजी गेल्यापासून तिला दुसरं आहे कोण?"

"पाठ करून घ्यायचंच असेल तर मी पाढे घेईन, विक्या."

"चेष्टा नका करू. तिकडं ती रेणुका रोज फोनवर शिकवते. मी गप्प बसलो तर माझी पोरगी जाईल. मग महिन्यातनं एकदा, पाहुण्यासारखी. चालेल तुम्हाला?"

त्याचा आवाज चिरकला. लहानपणी शर्यतीत हरला की असाच चिरकायचा. पोर माझं होतं. मी म्हणालो, "बघतो."

तासाभरानं रेणुकाचा आला. तिचं बोलणं नेहमी नेमकं असे. "अण्णा, मी तुमच्यावर विश्वास ठेवून तिला पाठवलंय. तुम्ही त्याचे वडील आहात, हे मी विसरलेले नाही. तुम्ही विसरा, एवढंच." मग जरा थांबून, "ती नीट जेवते का? भाकरी मऊ असेल तरच खाते. कडा काढून द्या."

"देतो."

"सोमवारी कोण आणणार तिला? तो येणार असेल तर मी आदल्या दिवशीच येऊन नेईन."

"तो म्हणतोय तू नेलीस तर तो येऊन नेईल. मी आणतो, बाई. नेहमीसारखा."

"तुमचा गुडघा?"

तिनं विचारलं म्हणून असेल, की दुपारच्या उन्हानं असेल, माझ्या तोंडून निघून गेलं, "दमलोय गं मी. आता ही ने-आण माझ्यानं होत नाही. तुम्ही दोघं काय ते ठरवा, पण मला आता कुठंतरी बसू द्या."

मी फोन ठेवला आणि वळलो. उंबऱ्यात शालू उभी होती. केस विस्कटलेले, गालावर चटईची नक्षी.

"उठलीस? पाणी देऊ?"

"नको."

ती येऊन माझ्याजवळ बसली. मला वाटलं, आता बोलायलाच हवं. वाक्यं शिकवायची नाहीत, पण निदान घाबरू नकोस एवढं तरी सांगावं. मी घसा साफ केला. "शालू, सोमवारी त्या बाई तुला विचारतील—"

"माहितीये." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी अलगद, ठोकळा बसवताना ठेवायची तसा. "आई पण सांगते. बाबा पण सांगतो. आबा, तुम्ही नका ना सांगू."

मग मी नाही सांगितलं.

शनिवारी तिनं मला लॅपटॉपजवळ येऊ दिलं नाही. ओट्याच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसली. मध्येच प्रश्न यायचे.

"आबा, एका पेरेंटला किती चाइल्ड चालतात?"

"तो गोरा काय म्हणतो?"

"कितीपण म्हणतो."

"मग कितीपण."

थोड्या वेळानं, "आबा, हे ऐकतच नाहीये. 'लूप' म्हणून लाल अक्षरात लिहून येतंय."

"म्हणजे गोल होतंय. हा त्याच्या मागं आणि तो ह्याच्या मागं, असं झालं असेल. कुणीतरी अजून कुणाला तरी धरून ठेवलंय. आधी सोडवून घे."

"मला बाबानं धरलंय अजून," ती स्वतःशीच म्हणाली. कळेचा आवाज आला. "सोडवलं. गेले मी कोपऱ्यात. थांबा, आणते मला."

दिवे जायचे, बॅटरी संपायची. मग ती गप्प बसून ठोकळ्यांशी खेळायची. तिनं माझा चष्मा मागून घेतला, काड्या निरखून बघितल्या आणि परत दिला. कशाला ते सांगितलं नाही.

रविवारी सकाळी दोघंही आले. मी दोघांनाही येऊ नका म्हणून सांगितलं होतं. पण तो येईल या भीतीनं ती आली आणि ती येईल या भीतीनं तो. विक्रांत गाडी घेऊन आला. रेणुका रेल्वेनं उतरून स्टेशनवरून चालत आली, कपाळावर घाम, चपलांवर धूळ. ओट्याच्या एका टोकाला तो बसला, दुसऱ्या टोकाला ती. मधे मी. जनाकाकू भिंतीपलीकडे काहीतरी खुडत होत्या आणि काही खुडत नव्हत्या.

"शालू, आवर," विक्रांत म्हणाला. "आज पुण्यात माझ्या मावशीकडे राहू. उद्या सकाळी घाई नको."

"ती माझ्याबरोबर येईल," रेणुका रस्त्याकडे बघत म्हणाली. "अण्णा, सांगा त्याला."

"अण्णा, तिला सांगा, मी गाडी आणलीय."

"उद्या सकाळी मी नेतोय तिला," मी म्हणालो. "एसटीनं. ठरलंय तसं."

"थांबा," शालू म्हणाली. "आधी माझं बघा."

तिनं लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. त्यामुळे त्या दोघांना सरकून जवळ यावं लागलं. तिथं दुसरी जागाच नव्हती. विक्रांतचं डोकं माझ्या एका खांद्याशी, रेणुकाचं दुसऱ्या.

पडद्यावर दोन घरं, वाकड्या भिंतींची. मधे रस्ता. रस्त्याच्या मध्यावर एक ओटा, चार-चार बटणांच्या राखी ठोकळ्यांचा, आणि त्यावर एक पांढरा म्हातारा. त्याला दोन बारीक काळ्या ठोकळ्यांचा चष्मा होता. लाल पोरगी पुण्याच्या घराच्या दारातून बाहेर आली. पायऱ्या उतरली, खरंच उतरली, एकेक. तिच्यामागून हिरवी बाई निघाली, जमिनीला पाय न लावता. आणि पोरगी थोडी पुढं आली तशी पलीकडच्या घरातून निळा बाप्याही निघाला, भिंतीतून सरळ बाहेर, तिच्याच चालीनं. पोरगी थांबली की दोघं थांबत. ती निघाली की दोघं निघत. ओट्याजवळ येऊन तिनं एक गिरकी घेतली आणि दोघं मोठे तिच्याभोवती जत्रेतल्या पाळण्यासारखे गरागरा फिरले. बाईचे पाय म्हाताऱ्याच्या डोक्यावरून गेले. विक्रांत फसकन हसला. रेणुकानं तोंडावर हात धरला, पण तिचे खांदे हलत होते.

"शालू, उलटं केलंयस तू, बेटा," विक्रांत म्हणाला. त्याला त्या गोष्टी थोड्या कळत. "पेरेंट आईबाबांना करायचं. तू चाइल्ड. तू आमच्या मागं यायचं."

"तसं करून बघितलं मी," शालू म्हणाली. "तसं केलं की एक जण सुटतो."

तिनं पडद्यावरच्या बाईवर आणि बाप्यावर बोट ठेवलं.

"खूपदा बघितलं. आबांना विचारा. आईला जोडलं की बाबा सुटतो, बाबाला जोडलं की आई सुटते. आणि मला सोडवलं की मी तिकडं कोपऱ्यात जाऊन पडते. असं केलं तरच कुणी सुटत नाही." मग जरा ओशाळून तिनं पुस्ती जोडली, "भिंतीतून जाता तुम्ही, ते चुकलंय. ते मला अजून येत नाही."

रेणुका उठली आणि नळाकडे गेली. तोंडावर पाणी मारत राहिली, मारतच राहिली. विक्रांत पडद्याकडे बघत बसला होता. तिथलं सगळं चित्र संपून आता स्थिर झालं होतं.

"आणि हा म्हातारा?" मी विचारलं, कारण कुणीतरी काहीतरी विचारायला हवं होतं. "हा हलला नाही तो. बिघडलाय की काय?"

"बिघडलेला नाही."

"मग?"

"नंतर सांगते."

त्या समुपदेशक बाईंना तिनं काय सांगितलं ते मी तिला कधी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. पुढं कोर्टाचा कागद झाला. दोघं वेगळे व्हायचे ते झालेच. शालू आईजवळ राहिली. पण कागदात नसलेली एक गोष्ट होऊ लागली. दर दुसऱ्या शनिवारी रेणुका तिला घेऊन पुण्याहून भिगवणला यायची आणि विक्रांत सोलापूरहून यायचा. ओट्यावर चहा व्हायचा, कधी दोन वाक्यं, कधी नुसताच चहा. मग शालू एका पिशवीतला डबा दुसऱ्या पिशवीत टाकायची आणि निघायची. तिचा लॅपटॉप बंद पडला, ठोकळे शेजारच्या पोरांनी नेले, ती कॉलेजला गेली, आता नोकरीला आहे, आणि कॉम्प्युटरच्या चित्रांशी तिचा काही संबंध राहिलेला नाही. मी तिथंच बसत आलो. गुडघ्याचं विचाराल तर तो आहे तसाच आहे.

पण हे सगळं नंतरचं.

त्या रविवारी रेणुका नळावरून परत आली. पदरानं चेहरा टिपला आणि माझ्याकडे न बघता, मला मधे न घालता म्हणाली, "गाडीत मागं जागा आहे का?"

विक्रांत गडबडला. "आहे. म्हणजे... खोकं आहे एक, ते डिकीत टाकतो."

"टाक."

तो गेला. खोकं उचलल्याचा आवाज आला. भिंतीपलीकडचं खुडणं थांबलं होतं.

मी उठलो. सवयीनं आत जाऊन माझी पिशवी घेतली, खुंटीवरची टोपी घेतली, तेलाची बाटली पिशवीत टाकली, काठी घेतली. उद्याचं आज, एवढंच. एसटीच्या ऐवजी गाडी. पुण्यात त्या दोघांमधे कुणीतरी बसायला लागेलच. पायरीवर एक पाय ठेवला आणि गुडघ्यातून कळ गेली. काठी टेकली.

शालू गाडीत जाऊन बसली होती, पुढच्या सीटवर, डबा मांडीवर घेऊन. मला बघून ती दार उघडून धावत आली. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, ओट्यावर ठेवली. मग काठी काढून घेतली, ती भिंतीला टेकवली.

"अगं, मी—"

"आबा, तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्हाला एकच मुक्काम दिलाय."

मी बसलो.